आधी पोटाले, मंग डोळ्याले

मनोहरभाऊंच्या दारात मी गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या गळ्यात दुर्बीण होती. अकोल्याची ती अरुंद गल्ली माणसांनी भरलेली, एका बाजूला बांबू आणि गवऱ्या आणून ठेवलेल्या, पुरुषमंडळी खांद्यावर दुपट्टे टाकून उभी… आणि त्या सगळ्यांमधून मी, भाऊंच्या सासुरवाडीचा धाकटा जावई, वाघ बघायला निघालेल्या पर्यटकासारखा चालत आलो. झालं होतं असं की आमच्या अमरावतीच्या घरी दाराच्या मागं एक खुंटी आहे. तिच्यावर गाडीची किल्ली, जाडजूड कापडी पिशवी आणि ही दुर्बीण अशा तिन्ही वस्तू एकत्र नांदतात, कारण अकोल्याला निघायचं म्हणजे भाऊंबरोबर कुठल्या तरी डोंगराला, दरीला, धबधब्याला जायचं, हे इतकी वर्षं ठरलेलं. त्या दिवशी सकाळी प्रशांतचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "मावसाजी… बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी डोळे पुसत पुसत खुंटीवरचं सगळं सवयीनं उतरवून घेतलं. पिशवी खांद्याला, किल्ली हातात, दुर्बीण गळ्यात. शेजारी बसलेल्या बायकोनं मूर्तिजापूर मागं पडलं, बोरगाव मंजू मागं पडलं, तरी माझ्याकडं मान वळवून पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तिची थोरली बहीण होती, मी कशाला असेन.

दारातच माझ्या लक्षात आलं. घाईघाईनं काढायला गेलो तर पट्टा चष्म्याच्या काडीत अडकला, चष्मा एका कानावर लोंबकळायला लागला, आणि भाऊंच्या चुलतभावानं पुढं होऊन, लहान पोराचा स्वेटर काढावा तशी ती दुर्बीण माझ्या डोक्यावरून उतरवली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. इंदूताई, म्हणजे माझ्या बायकोची ही थोरली बहीण, भाऊंच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, दुर्बिणीकडं पाहिलं आणि हात पुढं केला. "आनली का? द्या इकडं." पट्टा नीट गुंडाळून त्यांनी ती भाऊंच्या डोक्याशी ठेवली. न्यायची वेळ झाली तेव्हा उचलून परत माझ्याच हातात दिली. "ठेवा तुमच्यापाशी, सुधाकरराव. त्यायनं तुमालेच देल्ली होती." गल्लीतल्या लोकांना वाटलं, हा काहीतरी विधीच असणार. एका गृहस्थांनी तर दहाव्याला मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या अमरावतीकडं अशी रीत हाये का जी?"

रीत म्हटलं की मला भाऊच आठवतात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडभाऊ. पुण्याकडं या नात्याला साडू म्हणतात आणि लगेच दुसऱ्या विषयाकडं वळतात. वऱ्हाडात त्याला 'भाऊ' जोडलेला आहे, आणि मनोहरभाऊंनी तो शब्द फार मनावर घेतला. त्यांचं अकोल्यात फळांचं दुकान. संत्र्याचे बगीचे पाहायला ते चांदूर बाजाराकडं, परतवाड्याकडं हिंडायचे. सौदा जमो न जमो, परतताना त्यांची गाडी डोंगराकडं वळायची. मेळघाटातून येताना प्यायच्या पाण्याच्या दोन कॅन भरून आणायचे आणि घरी आल्या-गेल्याला त्यातलं पेलाभर द्यायचे. बाळापूरकडं त्यांचं मूळ गाव, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. त्यामुळं गोडं पाणी दिसलं की हा माणूस देवळात आल्यासारखा चपला काढायचा. "खाऱ्या पान्यात वाढलेल्या मानसाले इचारा डोंगर काय असते ते," असं म्हणायचे. तुम्ही आम्ही सुट्टी काढून काश्मीरला जातो, केरळला जातो आणि आल्यावर फोटो दाखवून लोकांना छळतो. भाऊंचं म्हणणं, आधी घरचं पाहून घ्या. आमच्या एका भाच्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा अफाट दरीचे फोटो त्यांना दाखवले. लाल दगड, अथांग खोली, सगळं होतं. भाऊंनी एकेक फोटो मनापासून पाहिला, मान डोलावली आणि विचारलं, "भल्ली मोठी हाये बावा. जेवाले कुठी बसले मंग तुमी?" तो म्हणाला, हॉटेलात. भाऊंना त्या दरीबद्दल वाईट वाटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जेवायला कुठं बसलात, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं फार मोठा होता. त्याची गोष्ट सांगायची तर माझ्या लग्नापर्यंत मागं जावं लागेल. लग्नाला महिना झाला नसेल, तोच भाऊ जीप घेऊन अमरावतीला आले. जीपमध्ये ताई आणि सासरची पाचसात मंडळी. "चला, जवाईबुवाले चिखलदरा दाखवू." नव्या जावयानं नाही कसं म्हणायचं? आता एक गोष्ट इथं सांगून टाकतो, नाहीतरी घरात सगळ्यांना माहीत आहे. मला उंचीची भयंकर भीती वाटते. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मी अजूनही आतून काठीनं ओढतो. परतवाडा सोडून घाट लागला तसा मी डोळे मिटून घेतले, आणि मागच्या सीटवरच्या मामेसासूबाई म्हणाल्या, "पोरगं शांत हाये, नाही?" जीप थेट पंचबोलला जाऊन थांबली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समोर डोंगरांच्या भिंती अशा फिरून आलेल्या आहेत की मधे खोल दरीचा एक हौदच झालाय, आणि कड्यावरून हाक मारली की ती पाच वेळा परत येते म्हणतात. मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही. सगळी मंडळी कड्याकडं धावली आणि मी जीपच्या चाकाजवळ वाकून बुटाची लेस बांधायला लागलो. माझ्या पायात चपला होत्या.

भाऊंनी ते पाहिलं. कड्याकडं गेलेल्यांना त्यांनी टाळ्या वाजवून मागं बोलावलं. "या, या, मांगं या सगळे! आमच्यात अशी पद्धत नाही. आधी पोटाले, मंग डोळ्याले." त्यांनी सतरंजी अंथरली, ती पण अशी की सगळ्यांची पाठ दरीकडं आणि तोंड जीपकडं. मला मधोमध बसवलं. ताईंनी डबे उघडले… तिखट पुऱ्या, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा, गुळपोळी. "दरीत काय हाये ते कुठी पळून जात नाही," भाऊ म्हणाले, "पन उपाशी मानसाले दरी दिसतच नाही, भजेवालाच दिसते." जेवण तासभर चाललं. पाठीमागं दरी आहे हे हळूहळू मी विसरलो, नंतर आठवलं तेव्हा पायाखाली जमीन असल्याचं जाणवायला लागलं होतं. मग भाऊंनी मला उठवलं, "चला, आता पाहू," म्हणत कोपराला धरून कड्यापर्यंत नेलं. मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या खोल गोष्टीकडं मी डोळे उघडे ठेवून पाहिलं… आणि मला ती आवडली. मागून माझ्या शर्टाचा शेव त्यांनी मुठीत घट्ट धरला होता, हे बाकी कोणाला दिसत नव्हतं. मला मात्र घरी पोचेपर्यंत पाठीवर ती मूठ जाणवत होती.

पंचबोलला त्यांची आणखी एक अट होती. तिथं येणारा प्रत्येकजण स्वतःचंच नाव ओरडतो. भाऊंना ते पटायचं नाही. "आपलंच नाव आपन घ्याचं अन् डोंगराकडून वदवून घ्याचं, हे काय मोठेपन? दुसऱ्याचं घ्या." मग आम्ही एकमेकांची नावं ओरडायचो, म्हणजे पोरं मावशीचं, मावशी पोरांचं, असं. नवरा-बायकोंचा प्रश्न यायचा नाही, कारण आमच्या घरांमध्ये ती पद्धतच नाही. भाऊंची ताईंना हाक 'अवं', ताईंची भाऊंना 'ऐकलं का'. आमच्याही घरचा संसार 'अगं' आणि 'अहो' या दोन शब्दांवर व्यवस्थित चाललेला आहे.

पुढं इतक्या वर्षांत भाऊंनी आम्हाला लोणार दाखवलं, मुक्तागिरी दाखवली, नरनाळ्याच्या डोंगरावरून खाली पसरलेलं जंगल दाखवलं, भीमकुंडाची दरी दाखवली. माझी पोरं शाळेत निबंध लिहायची तर 'आम्ही आधी जेवलो' या वाक्यानं निसर्गवर्णनाला सुरुवात करायची. आणि मी? मला वाटलं, ही अकोल्याच्या घराण्याची पुरातन चाल आहे. एकदा कचेरीतल्या मंडळींची सहल गेली तेव्हा मी मोठ्या रुबाबात सगळ्यांना दरीकडं पाठ करून बसवलं आणि आमच्या सासुरवाडीची परंपरा समजावून सांगितली. साहेब म्हणाले, "काय शास्त्र आहे हो यात?" मी म्हणालो, "पचनसंस्था आणि दृष्टी यांचा संबंध आहे सर." त्यांनी ते लिहूनही घेतलं.

काही वर्षांपूर्वी भाऊ दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना धडकायला लागले. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची, रोज थेंब टाकायचे. थेंब टाकायचं काम ताईंकडं आलं. मी भेटायला गेलो तर भाऊंनी कपाटातून ही दुर्बीण काढली, त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली, आणि माझ्या गळ्यात घातली. "घ्या, साडभाऊ. मले आता घरचीच लागली. नळीतून पाहिल्यासारखंच दिसून राहिलं सगळं… फक्त मोठं दिसत नाही, तेवढीच कसर हाये." ते हसले, मी हसलो, ताई आत निघून गेल्या. मग ते म्हणाले, "पुरे जायच्या आत एकदा सगळं पाहून घ्या लागते. तुमी न्याल ना?" मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तिथं." आणि लगेच सुचवलंही, की चिखलदरा आम्हाला जवळ, आधी पंचबोल करून टाकू. "नाही," भाऊ म्हणाले. "पंचबोल शेवटी." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, भाऊ गोड शेवटी खाणार आहेत. ही म्हणाली, "भाऊजी कधी पोळीच्या आधी भात खात नाहीत, त्यांचा काहीतरी हिशोब असेल." मी तिचं म्हणणं सोडून दिलं. संसारात इतकी वर्षं काढूनही माणूस काही शिकत नाही.

आधी लोणार झालं. आम्ही चौघं, माझी गाडी. काठावरच्या झाडाखाली पाठ करून जेवलो, मग उठलो. लोणारचं तळं म्हणजे आभाळातून एक दगड पडला आणि जमिनीला ही एवढी परात झाली, तिच्या तळाशी हिरवट पाणी आणि चहूबाजूंनी झाडी. खालून मोर ओरडत होते. भाऊंना ते सगळं एका नजरेत मावत नव्हतं. मग ते भिंतीला चुना मारताना कुंचा फिरवावा तशी मान फिरवत राहिले. डावीकडून उजवीकडं, थोडं खाली, पुन्हा उजवीकडून डावीकडं. एक पट्टाही सुटू दिला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. ताई एका दगडावर बसून राहिल्या, मी दुर्बिणीतून मोर शोधत राहिलो, सापडला नाही. शेवटी भाऊ म्हणाले, "झालं. बसलं पुरं." आणि कपाळावर बोट ठेवलं. "आता डोळे गेले तरी हे इथी हाये." थोडं थांबून म्हणाले, "अन् लोक म्हंतात, वऱ्हाडात पाहाले काय हाये!"

त्यानंतरच्या पावसाळ्यात मुक्तागिरी. तोपर्यंत नळी आणखी बारीक झाली होती. खाली झाडाखाली जेवून आम्ही पायऱ्या चढलो, भाऊंचा हात माझ्या खांद्यावर. ते पायरी पायाने चाचपायचे आणि मी दरीच्या बाजूला न बघता चढायचो, म्हणजे दोन आंधळेच एकमेकांना वर नेत होते म्हणा. धबधबा भरात होता. पांढऱ्या देवळांच्या मधून वरून खाली कोसळणारं पाणी, सगळा डोंगर दुमदुमत होता, तुषार तोंडावर यायचे. भाऊंनी टोपी काढली आणि तोंड वर करून उभे राहिले. "अर्धा दिसते," ते ओरडून म्हणाले, कारण साधं बोललेलं ऐकूच येत नव्हतं, "पन ऐकू पुरा येऊन राहिला!" त्यांच्या मिशांवरून पाणी निथळत होतं. मला त्या वेळी त्यांचा हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटत नाही. मला नेहमीच सगळं पुरं दिसायचं, पण असं कधी काही मिळालं नव्हतं.

आणि मग गेल्या श्रावणात पंचबोल. आता भाऊंना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. मी मनातून खट्टू होतो. हौसेनं शेवटी ठेवलेलं ठिकाण आणि नेमके डोळेच राहिले नाहीत. त्यात घाट चढलो तसं धुकं असं उतरलं की गाडीचं नाकसुद्धा दिसेना. आम्ही पोचलो, सतरंजी टाकली, जिकडं दरी असावी अशी शंका होती तिकडं पाठ केली आणि जेवलो. मग मी भाऊंना धरून कठड्याशी नेलं. त्यांच्या सदऱ्याचा शेव मी मागून मुठीत घट्ट धरला होता. हे कुठून आलं माझ्या हाताला, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

"लावा दुर्बीण," भाऊ म्हणाले. "सांगा, काय दिसून राहिलं?"

मी दुर्बीण लावली. पांढरं. डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं. पण त्यांना असं कसं सांगायचं? इतक्या दुरून आलेला माणूस. मी गोष्टी सांगण्यात घरात प्रसिद्ध आहे, तेव्हा सुरू केलं. समोर डोंगर कसा हिरवागार झालाय, त्यावरून पाण्याच्या चार धारा कशा उतरल्यात, खाली ओढा, ओढ्याच्या काठी दोन गाई चरतायत, एक पांढरी, एक तांबडी…

"साडभाऊ," भाऊ शांतपणे म्हणाले, "धुकं हाये. माह्या गालाले लागून राहिलं. गाई कुठून आनल्या तुमी?"

मागं ताई आणि माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून…" "अजी, वाईट कायचं?" ते म्हणाले. "लोनारले डोळे लागतात, म्हणून ते पयले केलं. मुक्तागिरीले अर्धे पुरतात. इथी लागतच नाहीत, म्हणून हे शेवटी ठेवलं. डोळे असलेलाही इथी येऊन कानच लावते ना?" मी दुर्बीण खाली केली. नजर जाणार हे कळलं त्याच दिवशी या माणसानं आपले डोंगर कुठल्या क्रमानं निरोप घ्यायला बोलवायचे ते मनात ठरवलं होतं, आणि मी त्याला जेवणानंतरची बासुंदी समजत होतो. बायकोकडं बघायची माझी छाती झाली नाही.

भाऊंनी दोन्ही हात तोंडाशी नेले. मला वाटलं, आता आमच्या कुठल्यातरी पोराचं नाव येणार. ते ओरडले, "इंदूऽऽ!"

धुक्यातून ते नाव परत आलं. मग आणखी लांबून. मग जरा डावीकडून, हलकं होऊन. मग अगदी तळातून. शेवटचं तर आलं की नाही कळलं नाही, पण आम्ही सगळे ते ऐकायला थांबलो होतो. पलीकडं एक नवं जोडपं मोबाइल उंच करून उभं होतं, ते दोघंही थांबले. ताईंनी डोक्यावरचा पदर इतका पुढं ओढला की त्यांचा चेहराच दिसेना. "अवं माय… म्हातारपनी शोभते का हे?" त्या म्हणाल्या. "लोक हायेत इथी!"

"कुठी हायेत? मले तर दिसत नाहीत," भाऊ म्हणाले. "आता तू घे माहं."

"मी नाही घेत."

"घे ना. कोन ऐकून राहिलं? डोंगरच तर हाये."

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेले." भाऊ म्हणाले, "पक्कं?" ताई म्हणाल्या, "पक्कं." भाऊंनी मान हलवली. परतीच्या घाटात ते गाणं गुणगुणत होते आणि मी, काय सांगू, डोळे उघडे ठेवून गाडी चालवत होतो.

पुढची खेप झाली नाही. थंडी सुरू झाली आणि एका पहाटे भाऊ झोपेतच गेले. ताई हाका मारत राहिल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. कोणती हाक मारली असेल ते मी विचारलं नाही. 'ऐकलं का'च असणार.

महिन्याचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. "मले पंचबोलले जायाचं हाये. मी शब्द देल्ला होता त्यायले." प्रशांत जरा घुटमळला. त्याचंही बरोबर होतं, गल्लीत राहायचं त्याला. "मावशी, महिनाच झाला ना. आई फिराले गेली म्हंतीन लोक." माझ्या बायकोचं माहेर अकोल्याचं, ते अशा वेळी बाहेर येतं. "म्हनू दे ना," ती म्हणाली. "लोकायलेबी घेऊन ये. डबा काही कमी पडत नाही आपला." लोक आले नाहीत. आम्ही तिघंच गेलो.

हवा लख्ख होती. घाटातून खालचं सगळं दिसत होतं, म्हणून मी पुढच्या वळणाकडंच बघत राहिलो. पंचबोलला पोचलो तर सहलीची गर्दी, एकेक जण कठड्याशी जाऊन स्वतःचं नाव ओरडत होता आणि डोंगर बिचारा सगळ्यांना उत्तर देत होता. मला वाटलं, ताई सरळ कठड्याकडं जातील. त्या म्हणाल्या, "सतरंजी काढा. आधी पोटाले." पाठ करून आम्ही बसलो. तिखट पुऱ्या, झुणका, ठेचा. गुळपोळी मात्र त्यांनी केली नव्हती, वर्षभर करायची नाही म्हणाल्या. जेवता जेवता मी बोलायचं म्हणून बोललो, की ताई, ही तुमच्या घराण्याची रीत मला फार आवडते, किती जुनी असेल हो?

ताई माझ्याकडं बघतच राहिल्या. "घरान्याची? अजी, सुधाकरराव… तुमच्यासाठी काढली ती त्यायनं. तुमी नाही का चपलेची लेस बांधून राहिले होते? त्याच्या आधी आमी कधी असे पाठ करून बसलो नाही. जवाई नवा हाये, लोकायसमोर मान खाली जाईन, म्हणून म्हने आमच्यात पद्धत हाये. अन् मंग तेच लागून गेलं."

ठेच्याचा अख्खा गोळा मी तसाच तोंडात टाकला. बायकोनं पाणी दिलं. तिला ठाऊक होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. म्हणजे एक घाबरट माणूस चपलेची लेस बांधायला वाकला, तेवढ्यावरून अख्ख्या खानदानाला इतकी वर्षं दरीकडं पाठ करून जेवायला लावलं त्यांनी, आणि एकदाही, थट्टेतसुद्धा, ते मला कळू दिलं नाही. मी ज्यावरून साहेबांना पचनसंस्था समजावून सांगितली ती परंपरा माझ्या लेसनं बांधलेली होती. आभार मानायचे तर कुणाचे मानणार? मी आणखी एक पुरी घेतली. भाऊंना तेच आवडलं असतं.

ताईंनी हात धुतले, पदर नीट केला आणि कठड्याशी गेल्या. आम्ही मागं थांबलो. समोर या वेळी सगळं होतं, डोंगर, उन्हातली झाडं, खाली ओढ्याची रेघ. गाई मात्र नव्हत्या. शेजारचा घोळका ओरडून दमला आणि दुसरीकडं सरकला. शांत झालं. ताईंनी डावीकडून उजवीकडं एकदा पूर्ण पाहिलं, भाऊंनी लोणारला पाहिलं होतं तसं. मग त्या म्हणाल्या, "मनोहर."

ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरातून बैठकीत बसलेल्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात. "मनोहर… आली मी."

डोंगराकडून काहीच परत आलं नाही. मी वाट पाहिली. मला राहवलं नाही, मी पुढं होऊन म्हणालो, "ताई, जरा मोठ्यानं घ्या. एवढ्या हळू डोंगराला ऐकू जात नाही."

त्यांनी वळून पाहिलं. डोळे भरलेले होते पण चेहरा हसरा होता. "डोंगराले कुठी सांगून राहिली मी?" त्या म्हणाल्या. "अन् त्यायले मोठ्यानं कायले सांगू? डोळे गेलते त्यायचे. कान नाही."

परत आल्यावर दुर्बीण मी त्याच खुंटीवर अडकवली. ती आता तिथंच राहील, गाडीच्या किल्लीजवळ, आणि पुन्हा कधी नको त्या वेळी माझ्या गळ्यात येऊन मला फजित करेल. चालेल. हा लेख लिहून झाला तसा नेहमीप्रमाणे आधी बायकोला वाचायला दिला. तिनं चष्मा लावून सावकाश वाचला, मधे दोनदा डोळे पुसले, गाईंपाशी हसली. शेवटचं पान खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"छान लिहिलं," ती म्हणाली. "सगळ्यांची नावं आली. भाऊजींचं आलं, ताईचं आलं, प्रशांतचं आलं. तुमचं तर स्वतःचंबी घेतलं. माझंच कुठं नाही." मी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं हात वर केला. "अन् पुढच्या खेपेले, असं म्हनू नका."